सीको ७००९ : दिवसभर मनगटावर, तरी पहाटे बंद

प्रश्न: बाबांचं ऑटोमॅटिक सीको घड्याळ रात्री काढून ठेवलं की पहाटेपर्यंत बंद पडतं. रोटर (हात हलला की फिरून चावी देणारं आतलं वजन) मोकळा फिरतो. या कॅलिबरला (७००९ या मशीनच्या मॉडेलला) हाताने चावी देता येत नाही. कुठला पार्ट मागवू? डायल मूळचीच ठेवायचीय.

उत्तर: मागवायची घाई नको. आधी रोटरखालचा पॉल लिव्हर बघा. त्याची दोन टोकं चाकाचे दाते आळीपाळीने ओढतात, ढकलतात, त्यातून चावी बसते. तिथे तेल चिकटून घट्ट झालं की रोटर नुसताच फिरतो. स्वच्छ करा, टोकांना नवं तेल अजिबात नको.

उत्तर: मेनस्प्रिंगही (चावीची ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंग) बदलाच. मागच्या झाकणावरचे पहिले चार आकडे कॅलिबरचे, पुढचे चार केसचे (बाहेरच्या पेटीचे). मशीनचे पार्ट कॅलिबरवरून शोधा, काच केसवरून.

प्रश्नकर्ता: लिव्हरची टोकं काळ्या चिकट्याने माखलेली निघाली! साफ करून घेतोय, मेनस्प्रिंगही शोधतो.