विमानतळ ते खोली: बर्फातला पहिला तास (अनुभव धागा)

धागाकर्ता
जानेवारीत आई-बाबांना घेऊन प्रागला निघालोय. काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळाल्या, त्या नकोत. विमानतळाच्या दाराबाहेर पडल्यापासून खोलीचं कुलूप उघडेपर्यंतचा तास कसा गेला, तेवढंच लिहा.

सुरुवात माझ्यापासून. हेलसिंकी, डिसेंबर, दुपारचे साडेचार आणि बाहेर मिट्ट काळोख. तिथे तेव्हा सव्वातीनलाच सूर्य मावळतो, हे वाचून गेलो होतो, तरी हात घड्याळाकडे गेलाच. विमानतळाच्या पोटातूनच गाडी मिळते, अर्ध्या तासात मुख्य स्टेशन. दाराशी हातात दिव्याचे गोळे धरलेले ते दगडी पुरुष बघून फोटोसाठी मोबाइल काढला. बॅटरी 40 टक्के होती, दोन फोटोंत फोन बंद. हॉटेलचा पत्ता त्यातच! तेव्हापासून पत्ता कागदावर आणि फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

खडीसाखर
हेलसिंकीत फुटपाथवर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात, ती राहिली की! माझ्या बॅगेच्या चाकात अशी अडकली की शेवटची दोन वळणं बॅग पाटीसारखी उचलून नेली. चाकं मोठी असलेली बॅग घ्या, नाहीतर सरळ पाठीवरची.

घाटावरची
आमचा तास दोन दिवस चालला. 2 डिसेंबर 2023, म्युनिक. त्या शनिवारी तिथे चाळीसहून जास्त सेंटिमीटर बर्फ साठला, विमानतळ बंद. आम्हाला फ्रँकफर्टला उतरवलं. तिथून रेल्वेने जाऊ म्हटलं, तर म्युनिकचं मुख्य स्टेशनही ठप्प. स्टेशनच्या बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली. शेजारच्या आजोबांनी एक दशमी मागून घेतली, चटणीला मात्र हात जोडले. सोमवारी पोचलो. पहिली रात्र रद्द करता येईल असंच बुकिंग करा, आमचे पैसे बुडाले.
(जाता जाता: तूप-पेढे नेऊ नका. प्रवाशाने बाहेरून दूधदुभतं आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे.)

चिरेबंदी
प्रागसाठी खास. तिथल्या फुटपाथवर लहान चौकोनी दगडांची नक्षी असते. दिसायला देखणी, पण वर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला की काच. आणि तो दिसत नाही, दगड नुसता ओला वाटतो. मी ट्रॅमच्या थांब्यापासून वीस पावलांवर सपशेल आडवा.
मग आजी आठवली. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून ती विहिरीवर जायची: पाऊल सपाट, अंतर वीतभर, गुडघा जरा वाकलेला, हात मोकळे. खिशात हात घालून चालायचं नाही, म्हणून हातमोजे विमानातच चढवा. बाबांसाठी बुटाला खालून चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे घ्या, पण गुळगुळीत फरशीवर ते काढायला सांगा, तिथे उलटे घसरतात.

सांजवात
आम्ही हेलसिंकीहून बोटीने टॅलिनला गेलो, दोन तास. बंदराजवळ बोटीला बर्फाच्या लाद्या घासत होत्या, रिकामी पिंपं गडगडल्यासारखा आवाज. गावात एका ठिकाणी फुटपाथ फीत लावून अडवलेला. नवऱ्याला वाटलं खोदकाम असेल, आपल्या सवयीने खालून वाकून निघाला. मागून कुणीतरी ओरडलं. वर बघतो तर छपराला हातभर लांब बर्फाचे सुळे. फीत दिसली की रस्ता ओलांडा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, पट्टे मागवले. आईचा प्रश्न: साडीवर बूट चालतील का?

सांजवात
बूट चालतात, साडी चालत नाही. माझ्या सासूबाईंनी आत थर्मल घालून निऱ्या चार बोटं वर खोचल्या होत्या. तरी काठ भिजला आणि कडकडीत गोठला, पायाला पुठ्ठा घासावा तसा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ट्रॅक पँट मात्र मुकाट्याने मागून घेतली.