कोंबडीला उचलून घेतलेलं खरंच आवडतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घणसोली गावात आमचं बैठं घर आहे, मागच्या पडवीत दोन गावठी कोंबड्या पाळल्यात. लेकीला त्यांचा भारी लळा. तांबडी स्वतःहून मांडीवर चढते, गळ्याखाली खाजवलं की डोळे मिटून बारीक कुरकुरते. तिचं ठीक आहे. काळी मात्र पाठीवर हात ठेवला की पंख जरा फाकवून खाली दबते, आणि उचलली की एकदम गप्प. लेक म्हणते, "बघ, तिलाही आवडतं!" मला शंका आहे. घाबरलेली कोंबडीही अशीच निपचित होते ना? शिवाय सासूबाई म्हणतात, अंड्यावर आलेली तलंग (तरुण कोंबडी) कोंबड्यापुढे बसते तशी ही बसते, लाडाचा काही संबंध नाही. मग भीती कुठली आणि माया कुठली, ओळखायचं कसं? पाळणाऱ्यांनीच सांगा. रस्सा सुचवणाऱ्यांनी कृपया पुढे सरकावं.