अकारविल्हे सूचीत ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ॲ’ कोठे ठेवावेत?

प्रश्न
पुस्तकाच्या शेवटी द्यावयाची सुमारे ९०० शब्दांची सूची मी संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतली. त्यात ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’ आणि ‘कासव’ यांच्या आधी आला, ‘क्षमा’ ‘कौल’नंतर गेला आणि ‘ॲसिड’ तर ‘ह’च्याही पुढे, अगदी शेवटी जाऊन बसला. हा क्रम हाताने बदलावा की आहे तसाच ठेवावा?

पहिले उत्तर
संगणकाने येथे अक्षरांच्या युनिकोड (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा तक्ता) क्रमांकांप्रमाणे मांडणी केलेली दिसते. त्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून आहे, तर आपल्या वर्णमालेचा शेवट ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असा होतो. ‘क्ष’ला तेथे स्वतंत्र क्रमांक नाही, तो क, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि ष असा साठवला जातो आणि हलन्ताचा क्रमांक मात्रांनंतरचा असल्यामुळे सर्व जोडाक्षरे ‘कौ’च्या मागे पडतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, म्हणजे मूळ अक्षरे ठरल्यावर बऱ्याच काळाने आले, म्हणून त्याला शेवटची जागा मिळाली.

‘ळ’ हलवावा, असे माझे मत आहे. ‘क्ष’ मात्र ‘क’खालीच असू द्यावा, कारण जोडाक्षर पहिल्या व्यंजनाखाली शोधण्याची वाचकाला सवय असते.

दुसरे उत्तर
हाताने शब्द हलवू नका. एक शब्द वाढला की सारे पुन्हा करावे लागेल. शेजारी एक मदतीचा स्तंभ करून त्यात ‘ळ’च्या जागी अवग्रह (ऽ) आणि ‘ॲ’च्या जागी ‘अॅ’ (दिसायला तसाच, पण ‘अ’ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांचा) घाला. अवग्रहाचा क्रमांक ‘ह’नंतर आणि ‘ा’च्या आधी येतो, त्यामुळे त्या स्तंभावरून क्रम लावल्यास ‘कावळा, कासव, काळ’ असा क्रम मिळतो. काही प्रणाली अवग्रहाकडे दुर्लक्ष करतात, म्हणून आधी दहा-वीस शब्दांवर पडताळून पाहा.

तिसरे उत्तर
त्याआधी टंकलेखन एकसारखे करा. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एकच शब्द सूचीत दोन ठिकाणी उमटतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तपासले, तेव्हा असे ११ शब्द दोनदा आलेले सापडले. ‘ळ’ ‘ह’नंतर आणि ‘क्ष’ ‘क’खाली असा क्रम ठेवला असून तशी टीप सूचीच्या आरंभी देत आहे.