सोसायटीचं वीजबिल कमी करायला कर्ज काढावं का?

सिंहगडरोडकर

आमची सोसायटी अकरा मजल्यांची, तीन विंग, १३२ फ्लॅट. मी यंदा खजिनदार आहे. कॉमन मीटरचं बिल महिन्याला ९८,००० च्या आसपास येतं. सगळे आकार धरून युनिटला ११ रुपये पडतात. जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या ट्यूब दोन वर्षांपूर्वीच बदलल्या, त्यामुळे सोपं काम संपलंय.

आता एका ठेकेदाराने मोठा प्रस्ताव दिलाय. तीन नवे पंप १ लाख ८० हजार, बेसमेंटच्या एक्झॉस्ट पंख्यांना कार्बन मोनॉक्साइडचे (गाड्यांच्या धुरातल्या विषारी वायूचे) सेन्सर १ लाख २० हजार, तीन लिफ्टचे नवे कंट्रोलर आणि ड्राइव्ह १२ लाख, गच्चीवर उष्णता परतवणारा थर ६ लाख. एकूण २१ लाख. फ्लॅटमागे जवळजवळ १६,००० येतात आणि एवढी वर्गणी एकरकमी कोणी देणार नाही. म्हणून ११ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज, हप्ता ४५,७००. ठेकेदार म्हणतो बचत महिन्याला ४७,०००. म्हणजे हप्ता बचतीतूनच सुटतो, कोणाच्या खिशाला हात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हे पैसे आपल्याकडे नाहीत असं नाहीच. ते दर महिन्याला बिलात भरतोच आहोत, आणि त्यातला निम्मा भाग वाया जातोय. तो अडवून त्यातूनच काम करायचं. वार्षिक सभेत ठराव मांडणार आहे. विरोधातलं मत आधी ऐकायचंय.

पासबुक

विरोधातलं मत माझ्याकडून घ्या. दोन टर्म अध्यक्ष होतो, म्हणून अनुभवाने सांगतो. हप्ता लेखी असतो आणि बचत तोंडी. बँक पाच तारखेला ४५,७०० कापणार. बचत झाली की नाही हे कोण सांगणार? ठेकेदारच.

आमच्याकडे एका कंपनीने 'बचतीतला ८० टक्के वाटा पाच वर्षं आम्हाला द्या, गुंतवणूक आमची' असा करार केला होता. पहिल्या वर्षी सगळे खूश. दुसऱ्या वर्षी पाणी कमी आलं, टँकर सुरू झाले, खालच्या टाकीतून वर दोन-दोनदा पाणी चढू लागलं. त्यातच चार जणांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या आणि चार्जर कॉमन मीटरवर जोडले. बिल आधीपेक्षा वाढलं. कंपनी म्हणे, आम्ही नसतो तर आणखी वाढलं असतं, आमचा वाटा द्या. तुलना कुठल्या वर्षाशी करायची हे करारात धड लिहिलंच नव्हतं. शेवटी वकिलाची फी भरून सुटलो.

आणि सिंकिंग फंडाला हात लावायचा विचार असेल तर तोही सोडा. बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दर वर्षी त्यासाठी जमवतो, तो इमारत उभी राहावी म्हणून. पंप बदलायला नाही.

मुलुंडकर

तुमची इमारत कधीची? आमची १९९३ ची. तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, आणि ऑडिट आलं की पुनर्विकासाची चर्चा. आमच्याकडे दोन बिल्डर येऊन गेले. अशा इमारतीत गच्चीवर सहा लाख ओतायचे म्हणजे ते उद्या हातोड्याखाली जाणार. मी स्पष्ट विरोधात आहे.

सिंहगडरोडकर

इमारत २००८ ची आहे, मुलुंडकर. पुनर्विकास माझ्या कार्यकाळात तरी नाही.

पासबुक काका, टँकर आणि चार्जरचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. आमच्याकडेही सहा गाड्या आहेत, आणि चार्जर कॉमन मीटरवरच आहेत.

पंप आणि पाणी

मी इमारतींचं ऊर्जा ऑडिट करतो. कर्जाच्या बाजूचा किंवा विरुद्ध बाजूचा म्हणून नाही, पण तुमचा कागद तपासल्याशिवाय राहवत नाही. चार कामं एका पिशवीत घातली आहेत, ती बाहेर काढून एकेक बघा.

पंप. १३२ घरं, घरामागे ६०० लिटर, दिवसाला ७९,००० लिटर पाणी चाळीस मीटर वर चढवायचं. नुसतं तेवढं वजन उचलायलाच ८.६ युनिट लागतात. चांगला पंप मोटरसकट त्याच्या दुपटीत, १७ युनिटमध्ये, काम करतो. तुमचे पंप साडेसात एचपीचे असतील आणि प्रत्येकी दोन तास चालत असतील, तर ३४ युनिट जात असणार. म्हणजे रोज १७ युनिट वाया, महिन्याला ५,७०० रुपये. १ लाख ८० हजार अडीच-पावणेतीन वर्षांत फिटतात. जुने पंप राखीव म्हणून राहू द्या. आणि ठेकेदार पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा म्हणाला तर नको म्हणा. टाकी आहे त्याच उंचीवर राहणार, मोटरचा वेग कमी करून ती उंची कमी होत नाही.

एक्झॉस्ट पंखे. साडेसात एचपीचे दोन पंखे सकाळी लावायचे आणि रात्री बंद करायचे ही सगळीकडची पद्धत. दहा तासांचे ११० युनिट. सेन्सरवर टाकले तर गाड्यांच्या वर्दळीपुरतेच, साडेतीन-चार तास चालतील. रोज ७० युनिट, महिन्याला २३,००० रुपये. सव्वा लाख सहा महिन्यांत परत. मात्र सेन्सर दर वर्षी तपासून घेणं सोडायचं नाही, तिथे प्रश्न माणसांच्या श्वासाचा आहे.

लिफ्ट. नव्या ड्राइव्हने तीन लिफ्ट मिळून फार तर साडेचार हजार महिन्याला वाचतील. बारा लाख फिटायला बावीस वर्षं! लिफ्ट जुनी झाली, मध्येच अडकते, सुट्टे भाग मिळत नाहीत, तर जरूर बदला. पण ते सुरक्षिततेचं काम आहे, त्यासाठी बचतीचा तक्ता दाखवू नका.

तिन्हींची बेरीज ३३,२०० होते. ठेकेदाराच्या ४७,००० मधले उरलेले १४,००० कुठले? गच्चीचे. पण गच्ची थंड झाली तर अकराव्या मजल्यावरच्या घरातला एसी कमी चालेल, आणि ती बचत त्यांच्या स्वतःच्या मीटरवर. सोसायटीच्या बिलात एक रुपया कमी होणार नाही. हप्ता मात्र सोसायटीने भरायचा. तुमचं गणित इथे फसतंय.

पासबुक

हेच. मला आकड्यांत मांडता येत नव्हतं.

थेम्सकाठ

मी लंडनला असतो. 'बचतीतून हप्ता' ही कल्पना ब्रिटनमध्ये सरकारने देशभर राबवून पाहिली, ती सांगतो. ग्रीन डील नावाची योजना जानेवारी २०१३ ला सुरू झाली. घराला इन्सुलेशन करा, नवा बॉयलर बसवा, पैसे आधी देऊ नका, हप्ता वीजबिलात जोडला जाईल. नियम असा की अपेक्षित बचतीपेक्षा हप्ता मोठा नसावा. घर विकलं तर कर्ज मीटरबरोबर नव्या मालकाकडे.

ऐकायला किती छान! मीही चौकशी केली होती. व्याज सात टक्क्यांच्या वर, आणि त्याच वेळी घराच्या कर्जावर त्याहून स्वस्तात पैसे मिळत होते. शिवाय घर विकताना गिऱ्हाईक 'मीटरवर कर्ज आहे' म्हटल्यावर बिचकणार ही भीती. लाखो घरं येतील अशी आशा होती, कर्जं झाली सुमारे १४,०००. जुलै २०१५ मध्ये सरकारने निधी थांबवला.

माझा निष्कर्ष तरीही पासबुक काकांच्या उलट आहे. कल्पना चुकीची नव्हती, व्याज आणि विश्वास चुकला. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या कंपनीने बचतीची हमी लेखी दिली, ६,५१४ खिडक्या इमारतीतच दुरुस्त करून पुन्हा बसवल्या, आणि ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं. तिथे आधी मोजमाप होतं, खर्च त्यानंतर आला.

पालिकेतला

एका महापालिकेच्या विद्युत विभागात होतो. थेम्सकाठ, हमी देणारी कंपनी मिळाली तरी पैसे देणारा नीट हवा.

सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडीमध्ये काय केलं ते बघा. एकगठ्ठा खरेदीने दिव्याचा भाव २०१४ च्या ३१० रुपयांवरून २०१६ ला ३८ वर आणला. रस्त्यावरचे दिवेही स्वतःच्या पैशाने बदलले, नगरपालिकांनी बचतीतून फेडायचं होतं. वीज वाचली, ते खरं आहे. पण अनेक नगरपालिकांनी हप्ते थकवले. कारण बिल कमी झालं की पुढच्या अंदाजपत्रकात विजेची तरतूद तेवढीच कापली जाते. वाचलेला पैसा कधी कोणाच्या हाताला लागतच नाही, मग फेडणार कशातून?

सोसायटीतही तेच होतं. बिल २५,००० ने कमी आलं की दुसऱ्याच सभेत मेंटेनन्स कमी करा अशी मागणी येते. म्हणून बचतीचं खातं वेगळं ठेवा, हे मी पोटतिडकीने सांगतो.

भाडेकरी

सगळे सोसायटीच्या मीटरबद्दल बोलताय. घरातलं काय? आमच्या इमारतीत निम्म्या घरांत भाडेकरू आहेत. पंखे, गीझर, एसी मालकाचे, बिल आमचं. मालक नवा पंखा का घेईल? आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी मी तरी का घेऊ?

मी घेतले, दोन. जुना ७५ वॅटचा काढून ठेवला, नवा कमी वीज खाणाऱ्या मोटरचा (बीएलडीसी) ३० वॅटचा लावला, घर सोडताना काढून नेते. पण भिंतीचं, खिडकीचं, गच्चीचं काम भाडेकरू उचलून नेऊ शकत नाही. शहरातली किती माणसं अशी राहतात! कर्जाच्या कुठल्याच योजनेत आमचा विचार नसतो, याचा मला खरंच राग येतो.

मुलुंडकर

त्यापेक्षा सोलर का नाही लावत? पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे.

पंप आणि पाणी

जरूर लावा, पण पंखे आणि पंप आटोपल्यावर. आज सोलर लावलं तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनल विकत घ्याल. वापर आधी खाली आणला की लहान संच पुरतो. अनुदान सोलरला आहे, पंपाला नाही, म्हणून सगळे उलट्या क्रमाने जातात. धोरणातली ही चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

सिंहगडरोडकर

दोन दिवस कागद घेऊन बसलो होतो. कर्जाचा ठराव मी मागे घेतोय.

पंखे आणि पंप मिळून खर्च ३ लाख, बचत महिन्याला २८,७००. साडेदहा महिन्यांत वसूल. यासाठी बँकेकडे जायचं कारणच नाही. फ्लॅटमागे २,३०० ची एकदाच वर्गणी सभेकडे मागेन. पालिकेतले म्हणतात तसं बचतीचं खातं वेगळं, आणि त्या खात्यातून पुढे लिफ्टची कामं एकेक करून. पासबुक काका, पंप, पंखे आणि चार्जर तिन्हींना वेगळे सबमीटर आधी बसवतोय. तीन महिने आकडे लिहून काढू आणि मगच जुन्या पंपाला हात लावू.

पण कर्ज कधीच नको, हे मला अजून पटलेलं नाही. तीन लाख जमवता येतील अशी आमची सोसायटी आहे. ज्यांना तेही जमत नाहीत, त्यांचे पंप वर्षानुवर्षं दुप्पट वीज खात राहणार.

पासबुक

सबमीटर बसवताय, मग माझा विरोध संपला. पण सभेत वाचन दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावायचं असा ठराव घ्या. खजिनदार बदलला की वही हरवते.

अकरावा मजला

मी सिंहगडरोडकरांच्या सोसायटीतली नाही, पण माझं घर असंच शेवटच्या मजल्यावर आहे. सगळ्यांनी हिशोब नीट केला आणि गच्ची यादीतून गळली. ती गळणारच होती, कारण तिचा पैसा सोसायटीच्या बिलात दिसत नाही.

माझी आई ७८ वर्षांची. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिच्या खोलीतलं छत हाताला गरम लागतं, रात्री दोनपर्यंत गरमच असतं. एसी लावला, तिला सर्दी होते म्हणून बंद ठेवावा लागतो. गच्ची सगळ्यांची आहे. गळती झाली तर दुरुस्ती सोसायटी करते, त्या वेळी 'फायदा फक्त वरच्या घरांना' असं कोणी म्हणत नाही. मग उन्हाच्या बाबतीत का?

सहा लाखांचा थर नको. अहमदाबादमध्ये २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढऱ्या चुन्याने रंगवतात. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच केलं. आमच्या गच्चीला मागच्या मार्चमध्ये मी आणि शेजारच्या तीन घरांनी मिळून स्वखर्चाने चुन्याचे दोन हात दिले. पावसाळ्यात बराच धुऊन गेला, यंदा पुन्हा द्यावा लागेल. पण मे महिन्यात आई दुपारी त्या खोलीत झोपू शकली.

सिंहगडरोडकर

ताई, हे वाचून आज संध्याकाळी आमच्या अकराव्या मजल्यावर गेलो. बाराही घरं फिरलो. चार घरांत म्हातारी माणसं आहेत. चुना आणि मजुरीचा अंदाज उद्या मागवतो. बचतीच्या खात्यातून पहिला खर्च कशावर, ते सभेसमोर ठेवताना लिफ्टच्या वर गच्ची लिहीन. चुन्यात फेव्हिकॉल मिसळला होता का आणि किती, तेवढं सांगा.