मदत हवी आहे : मुलीच्या कपड्यांवरून बोलणाऱ्या मोठ्यांना काय सांगू?

आम्ही खानदेशातल्या रावेरकडचे, केळीवाले. मुलगी दहावीत आहे, कबड्डी खेळते, त्यामुळे टी-शर्ट आणि ट्रॅक पँट हाच तिचा वेश. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा हाफ पँटही घालते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई देवी बसते. सगळी भाऊबंदकी जमते. या वेळी नैवेद्याच्या रोटांसाठीचे गहू पोरीनेच निवडून, धुऊन वाळत घातले. मग ती ट्रॅक पँटवरच हंडे उचलायला लागली, तर चुलतसासूबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "पोरले काही वळण शे का नही?" जावांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, तेच आता खातंय.

हीच पोर मागच्या हिवाळ्यात आजीच्या मोडलेल्या पायासाठी रात्री तीन-तीनदा उठायची. ते कोणाच्या लक्षातही नाही! आणि पुतण्या बनियनवर अंगणात फिरत होता, त्याचं वळण कोणी काढलं नाही.

तेव्हापासून ती नातेवाइकांत यायचंच टाळते. "मी कशी आहे हे त्यांना माझ्या पँटवरून कळतं का?" असं विचारते. मला उत्तर सुचत नाही.

पुढच्या महिन्यात घरात साखरपुडा आहे. सासूबाई म्हणतात, "एक दिवस घाल ना पंजाबी ड्रेस, काय बिघडतं?" त्यांचंही अगदीच चूक वाटत नाही. पण पोरीला आग्रह करू की जाऊ दे म्हणू? चुलतसासूबाई ७८ वर्षांच्या, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना राबलेल्या. त्यांना न दुखावता, पण स्पष्ट, कसं बोलायचं? कोणी असं बोललंय का? नेमकं काय म्हणालात?