मदत हवी: मेकॅनिकल कीबोर्ड हलका करायचाय, कुठल्या स्प्रिंग मागवू?

खारावारा (मालवण):
बटणं फार जड लागतात. दिवसभर मराठी टायपिंग, उजवी करंगळी दुखते. स्प्रिंग बदलल्या की हलकं होतं म्हणे. उद्या ऑर्डर टाकायचीय, लवकर सांगा.

काजूबोंड:
कुठले स्विच, म्हणजे बटणाखालची यंत्रणा? हॉटस्वॅप (नुसते उपटून निघणारे) की सोल्डर केलेले?

खारावारा:
ब्राऊन, दाबताना मध्ये टेंगूळ लागतं ते. ८७ बटणं.

काजूबोंड:
अर्धंच उत्तर. बटणाची कॅप काढा, पुलरने (उपटायच्या चिमट्याने) स्विचच्या वरची-खालची खाच दाबून सरळ उचला. आला तर हॉटस्वॅप. नाही आला तर ओढू नका, बोर्डावरचा पॅड उखडतो.

धक्क्यावरून:
मागवायच्या कशाला? आहेत त्यांचेच दोन-दोन वेढे कापा. फुकट!

स्प्रिंगवेडा:
कापू नको रे मेल्या. दाब उतरतो खरा, पण सगळ्यात जास्त उतरतो तो वरच्या टोकाला, जिथे बटण परत उचलायला जोर लागतो. तळाशी त्यामानाने थोडाच. शिवाय कापलेलं टोक सपाट बसत नाही, करकरतं.

खारावारा, आकड्यांत फसू नका. चेरी कंपनीच्या रेड स्विचचे ४५ ग्रॅम म्हणजे २ मिमी दाबल्यावरचे. तीच स्प्रिंग तळाला साधारण ६० ला जाते. सुट्या स्प्रिंगवर बहुधा तळाचा आकडा लिहितात. ब्राऊनमध्ये तळाच्या ५० च्या खाली जाऊ नका, परत येताना बटण टेंगळावर अडकतं.

स्विच उघडायच्या ओपनरने चारही कड्या एकदम सोडवा. दांड्याचे (कॅप बसते त्या भागाचे) पाय संपर्काच्या तांब्याच्या पातीकडेच परत बसवा. ग्रीस फक्त बाजूच्या घसरपट्ट्यांना, ब्रशने पुसट. पायांना लावलं तर टेंगूळ बोथट, पातीला लागलं तर अक्षरं गळतात.

नारळपाणी:
कॅपखाली ओ-रिंग (रबरी कडी) घाला. आवाज कमी.

काजूबोंड:
आवाजाचं विचारलंय कुणी? ओ-रिंगने तळाचा ठोका मऊ होतो, दाब तोच राहतो.

देवगडी:
कुठलीही घ्या, पण स्टेनलेसची. आपल्या खाऱ्या हवेत साधी स्प्रिंग गंजायला वेळ लागत नाही. झिपच्या पिशवीत शंभर स्प्रिंग, क्रायटॉक्स १०५ वंगण तेलाचे दहाएक थेंब, तोंड बंद करून खळखळवा. टिणटिणही जाते.

नारळपाणी:
त्यापेक्षा खोलीत डीह्युमिडिफायर लावा.

देवगडी:
आणि वीज गेली की?

स्प्रिंगवेडा:
एक राहिलंच. उजवी करंगळी म्हणता, इनस्क्रिप्ट कळरचना वापरता का? त्यात च, ट, ज, ड, य ही पाचही तिच्यावरच. आधी तेवढ्याच पाच स्विचच्या स्प्रिंग बदलून आठवडाभर टाइप करा, मग बाकीच्यांना हात लावा.

खारावारा:
हो, इनस्क्रिप्टच! मग पाचच मागवतो. सुट्या मिळतात का?

काजूबोंड:
शंभराची पुडी घ्या, उघडताना दोन-चार उडतातच. आणि हॉटस्वॅप आहे की नाही ते अजून सांगितलं नाहीत.