चाकं आधी, दांडा नंतर

चाकांची बॅग १९८७ साली पायलट रॉबर्ट प्लाथने आणली, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी माणसाला चाकांच्या बॅगेचं पेटंट १९७२ सालीच मिळालं होतं. पण ती आडवी बॅग, खाली ४ चाकं नि ओढायला पट्टा, त्यामुळे वळणावर कलंडायची. प्लाथने ती उभी केली, २ चाकं आणि आत सरकणारा दांडा दिला.

गोव्यात मात्र दगा देतात ती चाकंच. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या बॅगेच्या चाकांचं पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) दमट हवेत कुजतं आणि मडगाव स्टेशनावर ओढताच त्याचा चिकट भुगा पडतो. बॅग टाकू नका. चाकाचा जुना आस (मधली सळई) हॅकसॉने कापा. चाकाचा व्यास, रुंदी आणि आसाचं भोक मोजून त्याच मापाचं रबरी चाक बसवा. व्यास जरा जास्त झाला तर खोबणीत घासतं.